हाकेच्या गाडीतला मुराळी

माझ्या मेव्हण्याएवढा मोठ्यानं बोलणारा आणि त्याच्याएवढं कमी ऐकणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा नाही. असलाच कुठं, तर त्या दोघांची गाठ घालू नका, घरावरची कौलं जाग्यावर राहायची नाहीत. त्यात त्याचा दोष नाही म्हणा. बेळगावच्या शहापुरात साड्या विणणाऱ्या घरात तो जन्मला. आधी हातमाग होते, मग पॉवरलूम आले, आणि उभा जन्म त्याचा त्या खडखडाटात गेला. त्यांच्या घरात 'मीठ वाढ' हेसुद्धा आरोळी ठोकून सांगतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथं जेवायला बसलो, तेव्हा मला वाटलं भांडण पेटलंय. ताटावरनं उठून चप्पल शोधायला लागलो. हिनं दाराआडनं खूण केली, बसा म्हणून. ते लोक मला आणखी एक पोळी घ्या असा आग्रह करत होते. रात्रंदिवस माग चालू असतात तेव्हा ते घर गाढ झोपतं, आणि लाइट जाऊन माग थांबले की सगळे दचकून उठून बसतात, काय झालं काय झालं म्हणून.

मी बेळगावजवळच्या कडोलीचा. चौथीतनं शाळा सोडली. पण आमच्या गावात दर वर्षाला साहित्याचं संमेलन भरतं, आणि मांडवातल्या खुर्च्या मांडायला मी असतो. खुर्च्या मांडणाऱ्याच्या कानावरही साहित्य पडतंच, म्हणून हे लिहायचं धाडस. एका वर्षी मेव्हण्याला संमेलनाला घेऊन गेलो, ती माझी चूक. एक कवी फार हळू, डोळे मिटून कविता म्हणत होते. हा मधेच उभा राहिला आणि ओरडला, "ओ पावनं, जरा जोरात! हिकडं काय पोचंना!" कवींनी डोळे उघडले. आवाज चढवला. हा परत, "आणि थोडं!" शेवटी कवी घसा ताणून ओरडायला लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कविता पहिल्यांदाच कळली असं चहाच्या वेळी दोघातिघांनी मला येऊन सांगितलं.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. ती त्याची एकुलती एक आक्का. सासरी दिलेल्या बहिणीला सणाला माहेरी न्यायला जो भाऊ येतो त्याला आम्ही मुराळी म्हणतो. बाकीच्यांचे मुराळी चार-पाच वर्षं येतात, मग बहिणीला पोरं होतात, ती स्वतःच बस धरून जायला लागते, आणि मुराळी म्हणून कुणी येत नाही. आमच्याकडं तसं झालं नाही. हिला नातवंडं झाली, हिचे गुडघे गेले, याचे पुढचे दात गेले, तरी नागपंचमीला मुराळी दारात उभा राहिल्याशिवाय ही पिशवीत लुगडं घालायची नाही. तो यायचा कशानंही. तरुणपणी सायकलनं, मग सुताची बाचकी नेणाऱ्या टेम्पोनं, एकदा दुधाच्या गाडीनं. एका वर्षी चुकून कुणाच्या तरी वऱ्हाडाच्या गाडीत बसला. ते वऱ्हाड आपल्याच वाटेनं चाललंय म्हटल्यावर त्यानं गाडी आमच्या दारात थांबवायला लावली, आक्काला चढवली, आणि दोघं बहीणभाऊ त्या अनोळखी लग्नात जेवून, अक्षता टाकून, नवरीला साडीही नेसवून संध्याकाळी शहापूरला पोचले. नवरी कुणाची होती ते अजून त्या दोघांना माहीत नाही. ती साडी मात्र आमच्या हिच्यासाठी विणलेली होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास धरतात. भावाला आयुष्य लाभावं म्हणून. ही तो फार कडक धरायची. दुसऱ्या दिवशी दारात मुराळी दिसला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काल पाण्यावर काढलंय तुझ्यापायी, मेल्या, आणि तू आता उगवलास?" आणि त्याचं उत्तरही ठरलेलं, "आक्का, तुझ्या उपासावरच तर जगलोय. न्हायतर माझ्यात काय हाय?" हे तो थट्टेनं म्हणत नव्हता. त्याला एकदा छातीत दुखून दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरनं विचारलं, गोळ्या वेळेवर घेता का? हा म्हणाला, "गोळ्या कधी कधी चुकत्यात, पण आमची आक्का उपास चुकवत न्हाय." डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं आणि ते लिहून घेतलं नाही.

मग हाकेची गाडी निघाली आणि मेव्हण्याला जन्माचं सार्थक झाल्यासारखं झालं. शहराच्या कारभाऱ्यांनी एका खासगी कंपनीला बरोबर घेतलं आणि जिथं मोठी बस धड जात नाही, गेली तर रिकामी जाते, तिथं लहान लहान बसगाड्या सोडल्या. तिला थांबा नाही, वेळापत्रक नाही. मोबाइलवर बोट दाबायचं, नाहीतर फोन करून सांगायचं, मी अमुक ठिकाणी उभा आहे, तमुक ठिकाणी जायचंय. आसपासच्या ज्यांनी ज्यांनी बोलावलंय त्यांना गोळा करत ती येते. गाडीवर इंग्रजीत मोठं नाव आहे. ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून लोकांनी तिला हाकेची गाडी म्हणून टाकलं. मी म्हटलं, असली नखरेल गाडी महिना टिकायची नाही. आमच्या गावच्या पारावर सगळ्यांचं तेच मत होतं. एकटा मेव्हणा म्हणाला, "दाजी, हाक मारायची आणि गाडी यायची! माझा गळा देवानं कशाला दिला हुता ते आत्ता कळलं."

फोन घेणारी पोरगी कुठं बसते देव जाणे. हा तिच्याशी अंगणात उभा राहून असा बोलायचा की फोनची गरजच नव्हती. "हां, बाळ, मी शहापूरहून बोलालोय! जेवलीस काय? न्हाय? मग आधी जेव, गाडीचं मग बघू!" ती बिचारी पत्ता विचारायची. "पत्ता काय, कुणालाबी इचार! आमच्या गल्लीत आलं की मागाचा आवाज येतोय बघ!" गल्लीत साठ घरात माग. पण गाडी यायची, कारण ड्रायव्हरला पडद्यावर बरोबर जागा दिसत होती. मेव्हण्याला मात्र वाटायचं त्यानं पत्ता सांगितला म्हणूनच आली.

पहिल्यांदा गाडी दारात आली तेव्हा त्यानं जे केलं ते अजून शहापुरात सांगतात. त्याचं म्हणणं, आपण होऊन आलेला फेरीवाला वेगळा आणि बोलावून आलेला पाहुणा वेगळा. आवतण आपण दिलंय, मग तसंच दारातनं कसं लावून द्यायचं? त्याची बायको भाकरतुकडा आणि पाणी घेऊन बाहेर आली, चाकांवरनं ओवाळून टाकलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. ड्रायव्हरच्या हातात ताकाचा तांब्या. आत टिळकवाडीच्या एक शिक्षिका बसल्या होत्या, घड्याळ बघत. त्या म्हणाल्या, "अहो काका, माझी शाळा आहे." हा म्हणाला, "असू दे की बाई, शाळा कुठं जातीया? तुम्हीबी घ्या ताक." त्या चिडल्या. पण ताक घेतलं. पुढच्या आठवड्यात परत तीच गाठ पडली तेव्हा त्यांनी स्वतःच पेला पुढं केला असं मेव्हणा सांगतो. खोटं सांगत असेल, पण बाईंचं नाव आता त्याच्या घरात सारखं निघतं आणि त्याच्या नातीची शिकवणी त्यांच्याकडंच आहे.

प्रवास झाला की फोन विचारतो, ड्रायव्हरला किती चांदण्या देता. मेव्हण्याला हे पटायचं नाही. पोटच्या पोराला कधी गुण दिले नाहीत, परक्याच्या पोराला कसे द्यायचे? एकदा मात्र त्यानं सुनेला सांगून एकच चांदणी दाबायला लावली. कंपनीनं काळजीनं फोन केला, काय तक्रार आहे सांगा. हा गरजला, "तुमचा ड्रायव्हर आमच्या दारात येऊन चहा न पिता गेला! आम्ही काय परके हाय?" त्यानंतर म्हणे ड्रायव्हरांच्यात असं ठरलं की शहापूरच्या त्या घराला जाताना आधी चहा पिऊन जायचं नाही.

त्याची आणखी एक खोड अशी की चालत्या गाडीतनं वाटेला कुणी उभं दिसलं की याचा जीव वर-खाली. ही गाडी वाटेत हात करणाऱ्याला घेत नाही, ज्यानं बोलावलंय त्यालाच घेते. ड्रायव्हरनं कितीदा समजावलं. याला ते अमानुष वाटायचं. एकदा मी त्याच्याबरोबर होतो. हिंडलग्याच्या बाजूनं वळसा घेऊन गाडी चालली होती, कारण तिथं एकाला उतरवायचं होतं. रस्त्याकडेला एक अनोळखी म्हातारी डोक्यावर भाजीची बुट्टी घेऊन उभी. यानं "थांबिव" म्हटलं. ड्रायव्हर बैलहोंगलकडचा, त्याचं मराठी मोडकं. "अज्जा, बुकिंग न्हाई, घेऊक येत न्हाई." मेव्हण्यानं तिथल्या तिथं फोन लावला. "बाळ, मीच! आता ऐक. तुझ्या गाडीतनंच बोलालोय. म्हातारी उभी हाय. तिला घे म्हणून ह्याला सांग!" पलीकडनं पोरगीनं काय विचारलं कोण जाणे, यानं खिडकीतनं डोकं काढून म्हातारीला ओरडून विचारलं, "आवं आक्का, नाव काय तुमचं? आणि कुठं जायचं?" म्हातारीनं घाबरून नाव सांगितलं, यानं ते फोनात ओतलं, आणि ड्रायव्हरच्या पडद्यावर टिंग झालं. गाडी जेमतेम दहा पावलं पुढं गेली होती. ड्रायव्हर हसायला लागला आणि मागं घेतली. म्हातारी चढली आणि मेव्हण्याला विचारते, "तुम्ही कंपनीचं मालक काय?" हा म्हणतो, "न्हाय गं बाई, मी मुराळी."

गेल्या वर्षीच्या पंचमीला तो हिला न्यायला त्याच गाडीनं आला. त्या गाडीचा नियम असा, की ज्याच्यासाठी बोलावलंय त्याचं नाव विचारून खात्री केल्याशिवाय बसवायचं नाही. ड्रायव्हर खाली उतरला आणि आमच्या गल्लीच्या मधोमध उभा राहून पडद्यावर बघून ओरडला, "अनसूयाबाई यारु? कोण अनसूयाबाई?"

आता हे ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आमच्यात नवरा-बायको एकमेकाचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी तिला 'अगं ए' म्हणायचो, सासू 'सूनबाई' म्हणायची, गल्ली आमच्या पोराची आई म्हणून हाक मारायची, मेव्हण्याची ती आक्का. माझ्या घरात आल्यापासून तिचं नाव मोठ्यानं, रस्त्यावर, सगळ्यांसमोर कुणी घेतलं नव्हतं. दारात पिशवी घेऊन उभी असलेली ही, एकदम लाल झाली. पदर नीट केला. आणि शाळेतल्या पोरीसारखं म्हणाली, "मी. मीच अनसूया." गाडीत खिडकीजवळ बसली आणि मला म्हणाली, "बघा. माझं नाव घेत आली गाडी. तुमच्यानं झालं न्हाय ते." मी म्हटलं, "गप बस आणि खिडकी लावून घे, वारं लागंल." शहापूरला जाऊन तिनं झोका खेळला, तिथं पडली असती, मेव्हण्यानं धरली, असं सगळं ती आल्यावर सांगत होती. पण गाडीनं नाव घेतल्याचं जास्त सांगत होती. गावच्या पारावर जाऊन सांगून आली.

थंडीत ती गेली. फार आजारी नव्हती. मयतीला मेव्हणा आला, आणि सगळा वेळ एक शब्द बोलला नाही. रडणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही, पण त्याच्या गप्प बसण्यानं मी घाबरलो. जाताना माझ्या हाताला नुसता हात लावला आणि गेला.

तिच्यानंतर मी घराबाहेर पडायचं सोडलं. त्याला काही कारण नव्हतं. रानात गेलो तर परत आल्यावर कुणाला सांगायचं काय बघितलं ते, एवढंच. संमेलन आलं, खुर्च्या मांडायला पोरं बोलवायला आली, मी गेलो नाही. लेक पुण्याला ये म्हणाला, गेलो नाही. शेजारची म्हातारी, जी भाजी घेऊन बेळगावला बसते, ती दोन वेळचं ताट देऊन जायची, मी खायचो. असा मी बसलो होतो, आणि एका रविवारी गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. आणि तोच बैलहोंगलचा ड्रायव्हर उतरून ओरडला, "अनसूयाबाई!"

मी बाहेर जाऊन त्याला वाटेल ते बोललो. त्याला काय माहीत? तो पडदा दाखवायला लागला, नाव तेच, पत्ता तोच, जायचं ठिकाण शहापूर. त्याला कळल्यावर त्यानं टोपी काढली आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत गाडी घेऊन गेला. मी शहापूरला फोन लावला. मेव्हण्याच्या सुनेनं उचलला. ती हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, राग धरू नगासा. फोनमधी तुमचं घर आक्कांच्या नावानं बसलंय. मी काढते म्हटलं तर मामंजी हात लावू देत न्हायत. आणि त्यास्नी वाटतंय गाडी पाठवली की तुम्ही याल." मागनं मेव्हण्याचा आवाज आला, "दाजीला म्हणावं, गाडी आलीय न्हवं? मग बसायचं की!" मी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी परत गाडी. मी दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी परत. असं कुणी बोलावून बसलं नाही, तर त्याचा नंबर काही दिवस बंद पडतो. मेव्हण्याचा पडला. त्यानं शेजाऱ्याच्या फोनवरनं बोलावली. तोही बंद झाल्यावर टिळकवाडीच्या बाईंच्या. एका रविवारी शेजारची म्हातारी तावातावानं माझ्या दारात आली. "अण्णा, तू बस न्हायतर नगो बसू, पर त्या पावन्याला सांग, हाक घालू नगो म्हणून. ही गाडी इथनं मोकळी जाया लागली तर कंपनी म्हणंल, कडोलीला माणसंच न्हाईत. मग ती गेली की माझी बुट्टी काय तू डोक्यावर नेतोस? आता दारातनं नेते ती गाडी मला." मी म्हटलं, सांगतो. ती जाताना म्हणाली, "आणि बस की एकदा. कुणी खाईत न्हाय तुला."

मी मेव्हण्याला फोन केला आणि सरळ विचारलं, मला गाड्या पाठवायचं तुला काय कारण? तो पलीकडनं ओरडला, पण त्या ओरडण्यात दम नव्हता, "दाजी, पंचमी आलीया. मुराळी कुणाला न्यायला येऊ मी? आक्का न्हाय. तुम्ही तरी माहेराला या की."

मी म्हटलं, मी पुरुष माणूस, मला कसलं माहेर.

तो म्हणाला, "आक्काचं माहेर तुमचं न्हाय व्हय? तिच्या वाटंनं तुम्हीबी दर वर्षाला दिंडं खाल्ल्यासा न्हवं? या. न्हायतर मी पहिल्यांदाच रिकाम्या हातानं परत जाणारा मुराळी हुईन, आणि ते मला ह्या वयात झेपायचं न्हाय." मग जरा थांबून म्हणाला, "आणि यंदा माझा उपासबी कुणी धरणार न्हाय. म्हटलं एवढं तरी व्हावं." मला गोड बोलता येत नाही. बघू म्हटलं आणि फोन ठेवला.

पंचमीच्या आदल्या दिवशी शेजारच्या म्हातारीनं ताट आणलं. मी परत पाठवलं. भूक नाही म्हटलं. रात्रीही परत. तिला वाटलं मी रुसलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धोतर नेसलो, आणि मग मला लाज वाटायला लागली. पिशवीत काय घ्यायचं तेच कळेना. ती काय न्यायची? लाह्या न्यायची, तंबिटाचे लाडू न्यायची. मला लाडू कुठले येतात? मी आमच्या दारातल्या पेरूची चार पेरवं काढून पिशवीत टाकली आणि ओट्यावर बसलो. पारावरची माणसं बघत होती. एकजण ओरडला, "काय अण्णा, माहेराला?" दुसरा म्हणाला, "बांगड्या भरून घे जाताना!" सगळे हसले. मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण खरं सांगतो, माझ्या तोंडातनं कितीतरी महिन्यांनी शिवी आली होती आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

गाडी आली. आत मेव्हणा खिडकीशी. डोक्याला कडक टोपी, अंगात नवा सदरा, मांडीवर पितळेचा डबा. नेहमी आमच्या गल्लीत शिरायच्या आधीच त्याचा आवाज शिरायचा, आज तो नुसता बसून होता. गाडीत बाकीची माणसं होती, शेजारची म्हातारीही बुट्टीसकट आधीच चढून बसलेली. ड्रायव्हर उतरला. माझ्याकडं बघून घुटमळला. पडद्याकडं बघितलं. नियम आहे ना, विचारल्याशिवाय बसवता येत नाही. मेव्हणा आतनं उठला, "राहू दे रं, राहू दे, नाव जुनंच पडलंय, चुकून राहिलंय..." हे तो मोठ्यानं म्हणायला गेला आणि त्याचा आवाज अर्ध्यातच बसला.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "अज्जा, नाव सांगूक पायजे. काय लिवलंय ते."

मी म्हटलं, "अनसूया."

एवढंच म्हणायचं होतं. पण ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून परत म्हटलं. या वेळेला मोठ्यानं. माझ्या मेव्हण्याला ऐकू जाईल एवढ्या. "अनसूया म्हणतोय. लाव तुझं टिंग आणि चल."

पडद्यावर टिंग झालं. पारावरची माणसं हसायची थांबली. मी चढलो आणि तिच्या खिडकीजवळच्या जाग्यावर बसलो, कारण मेव्हण्यानं तीच जागा माझ्यासाठी पुसून ठेवली होती. गाडी हलली. माग थांबलेल्या घरासारखी गाडी शांत झाली आणि सगळ्यांना चमत्कारिक वाटायला लागलं. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, "आवं पावनं, कायतरी बोला की, कान बसलं आमचं."

तेव्हा तो माझ्याकडं वळला आणि त्याच्या मानानं फार हळू बोलला, म्हणजे ड्रायव्हरला ऐकू गेलं असेल एवढंच. "दाजी, काल दिवसभर छातीत धडधडत हुतं बघा. एवढ्या वर्सांत पहिल्यांदा माझा उपास कुणी धरला न्हवता. मला वाटलं, आता काय आपलं खरं न्हाय."

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "धरलाय कुणीतरी. गप बस."

त्यानं ऐकू आलं नाही असा चेहरा केला. त्याला खरंच ऐकू आलं नसेल. म्हातारी मात्र बुट्टीवरनं पुढं वाकली आणि मला म्हणाली, "म्हणून व्हय रं ताट परत लावून दिलंस?" आणि मग तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन गाडीभर ऐकू जाईल असं सांगितलं. त्यानं मांडीवरचा डबा उघडला. तंबिटाचे लाडू. त्याच्या बायकोनं केलेले, हिनं शिकवलेले. एक माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मग सोडा की आता, दाजी. पंचमी उजाडली न्हवं?"

मी खाल्ला. गूळ थोडा जास्त झाला होता, तसं मी त्याला सांगितलंही. बाकीचे लाडू त्यानं गाडीत वाटले, ड्रायव्हरला आधी. मग बोलायला लागला, आणि बोलायला लागला तो नेहमीसारखा, टपरीवरची माणसं वळून बघतील असा. पुढं कुणीतरी आडवाटेला गाडी बोलावली होती. ड्रायव्हरनं विचारलं, अज्जा, वळसा पडेल, चालेल ना? पूर्वी मी म्हटलं असतं, असली कसली गाडी, सरळ चल. मी म्हटलं, वळ. कुणीतरी दारात उभं असेल.